वरण बंद करू नकोस, ज्यूस बंद कर

पत्र: डॉक्टरकाकू, नमस्कार. मी ३१ वर्षांचा आहे. इंदूरला लोकमान्य नगरात आई-बाबांबरोबर राहतो, सुपर कॉरिडॉरवर आयटीत नोकरी करतो. ऑफिसने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तपासणी करवली. माझं यूरिक ॲसिड ८.४ आलं, कागदावर ठळक अक्षरांत. बाकी क्रिएटिनिन १.२, उपाशीपोटी साखर १०४, ट्रायग्लिसराइड २३६, एचडीएल ३६, एसजीपीटी ६२, बीपी १३६/८८. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७९ किलो. नवरात्रात नऊ दिवस मी फक्त रात्री एकदा खात होतो, त्यात तीन किलो उतरले. माझ्या काकांना गाउट, म्हणजे यूरिक ॲसिडने सांधे सुजायचं दुखणं आहे. ते म्हणाले, डाळ, पालक, मशरूम सगळं बंद. आईने घरात वरण करणंच सोडलंय, आणि किडनी धुऊन निघावी म्हणून रोज संध्याकाळी मोसंबीचा ज्यूस देते. ऑफिसातला एक मित्र यूरिक ॲसिड उतरवणारी फेबुक्सोस्टॅट ४० घेतो. त्याच्या सांगण्यावरून मीही तीन आठवडे घेतोय. चार महिन्यांपासून जिमला जातो, ट्रेनरने व्हे आणि क्रिएटिनच्या पावडरी सुरू करून दिल्यात. कंबर धरली की मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणतो. जिम लावूनही पँट ३४ ची ३६ झाली. फेब्रुवारीत लग्न आहे. माझी किडनी जातेय का? गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? आणि मुलीकडच्यांना सांगायचं की नाही?

अरे, पहिलं काम आज रात्रीच करायचं. आईला सांग, कुकरला डाळ लाव. साधं वरण, वर लिंबू, हवं तर चमचाभर तूप. ज्या मराठी घरात तीन आठवडे वरणाशिवाय भात वाढला जातोय, त्या घराची मला जास्त काळजी वाटते. तुझ्या किडनीची त्यामानाने कमी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा आकड्यांसाठी आणि एकदा आकड्यांच्या अधूनमधून तू सहज लिहून गेलास त्या गोष्टींसाठी. दुसऱ्या वाचनात जास्त हाती लागलं. नवरात्र, क्रिएटिन, मेडिकलवरची गोळी, ३६ ची पँट. लॅबने यांतलं काहीच ठळक छापलेलं नाही.

आधी त्या ८.४ चं बघू. आपल्या पेशी रोज मरतात, नव्या होतात. त्यांच्यातल्या प्यूरिन नावाच्या घटकाची मोडतोड झाली की शेवटी जे उरतं ते यूरिक ॲसिड. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते आणखी मोडून सहज विरघळणारं करणारं एन्झाइम असतं. आपल्या पूर्वजांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वी कधीतरी गमावलं, त्यामुळे हा माल आपल्याला आहे तसाच बाहेर टाकावा लागतो. पक्ष्यांचं तर सगळं कामकाजच यावर चालतं. गॅलरीच्या कठड्यावर कबुतरं जे पांढरं करून ठेवतात ना, त्यात मुख्यतः यूरिक ॲसिडचेच क्षार असतात. म्हणजे हे काही बाहेरून अंगात शिरलेलं विष नव्हे. ते सगळ्यांच्या रक्तात असतं, प्रश्न फक्त किती हा.

त्या ‘किती’ला एक खरीखुरी रेघ आहे. शरीराच्या तापमानाला डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळून राहतं. त्यापुढे स्फटिक धरायची शक्यता सुरू होते. आईला विचार, पाक जरा पुढे गेला आणि गार झाला की पातेल्याच्या काठाला साखर धरते की नाही? पायाचा अंगठा शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो, म्हणून गाउट बहुतेक वेळा तिथूनच हजेरी लावतो. रात्री दोनला अंगठा लाल, गरम, ठणकणारा. अंगावरची चादर लागली तरी सहन होत नाही. तुझ्या काकांना विचार, ते सांगतील. पण रेघेपलीकडे गेलेल्या प्रत्येकाला हे होतं असं नाही, बहुतेकांना होतच नाही. ज्यांचं यूरिक ॲसिड १० च्याही वर असतं, अशांतही १५ वर्षांत गाउट होणारे जवळपास निम्मेच निघाले. तुझा सांधा आजवर एकदाही सुजलेला नाही. तुला गाउट नाही, तुझ्याकडे फक्त एक वाढलेला आकडा आहे.

आता तो वाढला कसा? काकांचा हिशेब असा की जे ताटात येतं तेच रक्तात येतं. हा हिशेब सगळ्यांचाच असतो, आणि तो दोन तृतीयांश चुकतो. शरीरात रोज तयार होणाऱ्या यूरिक ॲसिडपैकी ताटातून येणारा वाटा सुमारे एक तृतीयांश. बाकीचं घरचं, म्हणजे पेशींच्या उलाढालीतलं. त्यातही डाळीतलं प्यूरिन आणि मटणातलं, कलेजीतलं, मासळीतलं प्यूरिन यांचा परिणाम सारखा नसतो. अमेरिकेत ४७,००० हून जास्त पुरुषांचं खाणंपिणं १२ वर्षं नोंदवून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मटण आणि मासळी भरपूर खाणाऱ्यांत गाउट वाढला होता. प्यूरिन असलेल्या भाज्या, वाटाणा, डाळी खाणाऱ्यांत नाही. दूध-दही खाणाऱ्यांत तर तो कमी होता. पालक आणि मशरूमची नावं जुन्या पथ्याच्या यादीत अजून चालतात, कारण याद्या छापून ठेवलेल्या असतात आणि त्या बदलायचा कुणाला उत्साह नसतो.

खरा घोटाळा बाहेर टाकण्यात होतो. इंदूरकराला हे समजावणं सोपं आहे. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली, घरातल्या माणसाने दहा वस्तू गाडीत टाकल्या, आणि मागोमाग दुसरा माणूस फाटकाबाहेर जाऊन त्यातल्या नऊ परत आत घेऊन आला, अशी कल्पना कर. किडनी यूरिक ॲसिडचं नेमकं हेच करते. गाळून बाहेर काढलेल्यापैकी सुमारे ९० टक्के परत रक्तात घेते. एवढं परत का घ्यावं याची कारणं शास्त्रज्ञ आपापल्या परीने देतात, ते राहू दे. आपल्या कामाची गोष्ट ही की परत घेणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला जोर चढतो इन्शुलिनने. पोटावर चरबी साठली, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं, की रक्तात इन्शुलिन वाढतं. ते वाढलं की किडनी यूरिक ॲसिड आणि मीठ, दोन्ही जास्त धरून ठेवते. यूरिक ॲसिड चढतं, बीपीही चढतं. तुझ्या पत्रात या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, तो योगायोग नाही.

आणि दुसरा कारखाना यकृतात. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज यकृतात शिरलं की ते पचवायला पेशीतली ऊर्जा भराभर खर्ची पडते. त्याला आवर घालणारी यंत्रणा तिथे जवळजवळ नसतेच. खर्च झालेल्या ऊर्जेच्या राखेतून यूरिक ॲसिड तयार होतं, आणि उरलेल्या फ्रुक्टोजची चरबी. ती चरबी रक्तात दिसते ट्रायग्लिसराइड म्हणून, आणि यकृतात बसली की एसजीपीटी, म्हणजे यकृतातलं एक एन्झाइम, रक्तात वर जातं. तुझे २३६ आणि ६२ बघ.

आता सांग, रोज संध्याकाळी किडनी धुवायला म्हणून चार मोसंब्यांचा रस एका दमात यकृतावर कोण ओततंय? आईवर रागावू नकोस. तिने डाळ बंद केली ती प्रेमाने आणि ज्यूस सुरू केला तोही प्रेमाने. पण दोन्ही उलटं झालं. मोसंबी सालं काढून, फोडी करून खाल्लीस तर चालेल, एक-दोनच खाल्ल्या जातील आणि सावकाश पचतील. रस नको. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून सूट नाही, गूळही मुळात तीच साखर. मधाचंही तेच. कोल्ड्रिंकविषयी तू काही लिहिलं नाहीस, पण आयटीतली मुलं मी बघते. ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, चहाच्या चमच्याने सहा-सात चमचे. चहात एवढी घालून कुणी दिली तर तू कप परत पाठवशील.

दारूबद्दलही पत्रात एक अक्षर नाही. घेत नसशील तर उत्तम. घेत असशील तर एवढंच: यूरिक ॲसिडच्या बाबतीत बिअर सगळ्यांत वाईट.

आता नवरात्र. नऊ दिवस तू चोवीस तासांत एकदा खाल्लंस. इतका वेळ उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्यं वाढतात. किडनीतून बाहेर पडायच्या वाटेवर यूरिक ॲसिड त्यांच्यामुळे मागे राहतं. उपासात, कीटो डाएटमध्ये, झटपट वजन उतरताना यूरिक ॲसिड तात्पुरतं वर जातं, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि तुझं रक्त घेतलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी! त्या ८.४ मधले किती तुझे आणि किती देवीच्या उपासाचे, हे आज कुणीही सांगू शकणार नाही. ऑफिसवाल्यांनी जरा पंचांग बघून तारीख ठरवली असती तर बरं झालं असतं.

किडनीचं आता. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा माल, त्यावरून तिचं काम जोखतात. तुझं १.२ लॅबच्या चौकटीत बसतं, म्हणून ते ठळक छापलं नाही. मी मात्र ते सूत्रात घालून बघितलं. २०२१ पासून वापरतात त्या सूत्राने ३१ वर्षांच्या पुरुषाला १.२ म्हणजे ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग, सुमारे ८३. तुझ्या वयाला तो शंभराच्या वर असावा अशी माझी अपेक्षा. लगेच घाबरू नकोस. किडनीचा आजार म्हणायला तो ६० च्या खाली आणि तोही तीन महिन्यांहून जास्त राहावा लागतो, किंवा लघवीत प्रथिन जाणं यासारखी इजेची दुसरी खूण लागते. एका दिवसाच्या ८३ वरून कुणालाही किडनीचा रोगी ठरवता येत नाही. पण ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकणं, हेही मला पटत नाही.

यात तुझ्या ट्रेनरचा हात असू शकतो. क्रिएटिन शरीरात मोडून क्रिएटिनिनच होतं. चार महिने पावडर घेतोयस, स्नायूही थोडे भरले असतील, तर किडनी ठणठणीत असूनही आकडा वर सरकतो. निरोगी माणसाची किडनी क्रिएटिनने बिघडते असं दिसलेलं नाही, तेव्हा ‘भिया, कुछ नहीं होता’ असं तुझा ट्रेनर म्हणत असेल तर त्याचं अगदीच चूक नाही. पण मोजायची फूटपट्टीच वाकडी झाल्यावर मी काय मोजू? सध्या ते बंद ठेव. स्नायूंतला जादा साठा ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. व्हे दुधाचं असतं, त्याच्याशी यूरिक ॲसिडचं भांडण नाही. पण घरात वरण, दही, पनीर असताना डबा विकत घ्यायची गरज काय, हा प्रश्न मी तुझ्या पाकिटाच्या वतीने विचारते.

मला तुझ्या पत्रात सगळ्यांत टोचलं ते वाक्य म्हणजे कंबर धरली की मेडिकलवरून गोळी. कुठली, किती, हे तू लिहिलंच नाहीस, म्हणजे ते तुला लिहिण्याजोगं वाटलं नाही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची असणार. अंगात पाणी कमी असलं की किडनीकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर काही द्रव्यं सोडतं. ही गोळी नेमकी तीच द्रव्यं बंद पाडते. उपास, इंदूरची दुपार, जिमचा घाम आणि वर ही गोळी, अशी चौकडी जमली की तरुण, धडधाकट किडनीसुद्धा गटांगळी खाऊ शकते. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता आणि खिशातून त्याने पट्टी काढली, दहातल्या आठ खोबण्या रिकाम्या. चार दिवसांत. ‘ये तो सिर्फ दर्द की है’ म्हणाला. त्याचं क्रिएटिनिन ३.१ होतं. आठवड्याभरात खाली आलं, नशीब. पण ती रिकामी पट्टी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या कंबरेला फिजिओथेरपिस्ट दाखव, वजन उचलायची पद्धत तपासून घे. अगदीच असह्य झालं तर साधी पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत.

आता मित्राच्या गोळीबद्दल. इथे माझी स्वतःचीही चूक सांगते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी यूरिक ॲसिड ८ च्या वर दिसलं की मी सहज ॲलोप्युरिनॉल १००, म्हणजे ते उतरवणारी दुसरी गोळी, लिहून देत असे. सांधा दुखत नसला तरी. किडनी वाचेल, बीपी सुधारेल, असं आम्हा बऱ्याच जणांना वाटायचं. वाटायला आधारही होता. २००८ साली नव्याने बीपी निघालेल्या ३० किशोरवयीन मुलांवर प्रयोग झाला होता आणि ॲलोप्युरिनॉलने त्यांचं बीपी खरंच उतरलं होतं. मग माझ्या एका पेशंटच्या अंगभर पुरळ उठलं, ताप चढला, ओठ सोलले. दहा दिवस ॲडमिट होता. या औषधाची ही प्रतिक्रिया क्वचित येते, पण येते तेव्हा जिवावर बेतते. तो वाचला. ज्या आकड्यासाठी मी गोळी दिली होती, त्याने मात्र त्याला कधीच काही त्रास दिला नव्हता. तेव्हापासून माझा हात आखडला, आणि २०२० साली उत्तरही आलं. दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. किडनी आधीच मंदावलेल्या लोकांना ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिलं. यूरिक ॲसिड छान उतरलं. किडनीची घसरण मात्र औषध नसलेल्या नकली गोळीवर असलेल्यांइतकीच होत राहिली. किडनीच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०२४ मध्ये सुचवलं, की त्रास नसलेल्या माणसाला केवळ किडनी वाचवायला यूरिक ॲसिडची गोळी देऊ नका.

तुझ्या मित्राला कदाचित गाउट असेल, त्याची गोळी त्याला लागू. तुझी गोळी कुणा डॉक्टरने लिहिलेली नाही, ती चालू ठेवायला कारणही नाही. त्यातून फेबुक्सोस्टॅटबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये हृदयासंबंधी कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला आहे. तो मुख्यतः गाउट आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांच्या अभ्यासावरून. तुला घाबरवायला सांगत नाही. पण मित्राच्या पट्टीतून घ्यायची ही गोळी नव्हे. बंद कर, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ती घेतली होतीस हे आठवणीने सांग.

मग तुला झालंय काय? ते तुझ्या पत्रात पाच ठिकाणी विखरून पडलंय, आणि त्यातल्या दोन गोष्टी लॅबच्या कागदावर येतच नाहीत. बीपी १३० किंवा ८५ च्या वर. साखर १०० च्या वर. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४० च्या खाली. आणि कंबर. भारतीय पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी. ३६ इंची पँट म्हणजे ९१ सेंटिमीटर, आणि पँट तर तू पोटाच्या खाली बांधतोस. शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या रेषेत मोज, श्वास न रोखता. मला खात्री आहे, ९१ नाही निघणार. पाचांतल्या तीन असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुझ्याकडे पाचही हजर. यूरिक ॲसिड या पाचांत मोजत नाहीत, ते त्यांच्या वरातीबरोबर येतं.

आणि ‘७९ किलो म्हणजे काय फार नाही’ असं मनात असेल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा किस्सा ऐक. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, नेमका २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली जातच अशी, हातपाय बारीक आणि चरबी पोटात दडवलेली. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात. तुझा २७.३ आहे.

चरकसंहितेत वातरक्ताला, म्हणजे गाउटसारख्या दुखण्याला, एक नाव आहे, आढ्यवात. आढ्य म्हणजे धनाढ्य, खाऊनपिऊन सुखी माणूस. तेव्हा असल्या सुखासाठी धनाढ्य व्हावं लागे. आता सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात साडेअकराला दीडशे रुपयांत होतं.

हो, सराफ्याबद्दल लिहिल्याशिवाय इंदूरचा सल्ला पुरा होत नाही. मी पोहे बंद करायला सांगणार नाही, मला याच गावात राहायचंय. पोहे खा, शेंगदाणे-कांदा-मटार जास्त घालून, शेव चिमटीभर. त्यावर जीरावन मसाला पडतो त्यात मीठ असतं, शेवेत मीठ असतं, आणि तुझी किडनी मीठ आधीच धरून बसली आहे. जिलबी मात्र रविवारची, आणि एक. पोह्यांबरोबर रोज जिलबी हा आपला अभिमान आहे खरा, पण यकृताला अभिमान कळत नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत घरी, आणि सराफा महिन्यातून एकदा, तोही पाहुणे आले तर. ताक रोज पी, बिनसाखरेचं. पाणी इतकं की लघवी फिकी राहील. उन्हाळ्यात साधारण तीन लिटर. लघवी आम्लधर्मी आणि घट्ट राहिली की यूरिक ॲसिडचे खडे होतात, आणि ते साध्या एक्सरेत दिसतही नाहीत.

जिम सोडू नकोस, पण जिमच्या एका तासाने दिवसातल्या दहा तासांच्या खुर्चीची भरपाई होत नाही. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटं चाल. लग्नापर्यंत दहा किलो उतरवायचा बेत असेल तर तो आत्ताच सोड, भराभर उतरवलंस तर यूरिक ॲसिड पुन्हा उड्या मारेल. सहा महिन्यांत पाच-सहा किलो. तेवढ्यानेही तुझे पाचही आकडे हलतील. उपास करायचाच असेल तर दोन वेळा खाऊन कर, देवीची काही हरकत नसावी. आणि आईला विचार, तू घोरतोस का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का. होत असेल तर ते स्वतंत्र दुखणं आहे. यूरिक ॲसिड आणि बीपी दोन्ही त्यानेही वाढतात.

पुढची तपासणी बरोबर सहा आठवड्यांनी. त्याआधी क्रिएटिन, फेबुक्सोस्टॅट, दुखण्याच्या गोळ्या, ज्यूस सगळं बंद. आदल्या दिवशी जिम नाही, उपास नाही, फक्त रात्रीचं पोट रिकामं. यूरिक ॲसिड, क्रिएटिनिन, लिपिड, तीन महिन्यांची साखर. आणि सकाळच्या पहिल्या लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीत प्रथिन जातं का याचं माप, तो ३० च्या खाली हवा. ही तपासणी स्वस्त आहे आणि ऑफिसच्या पॅकेजमध्ये तिचं नाव नसतं, म्हणून मागून घे. क्रिएटिनिन तरीही १.२ च राहिलं तर सिस्टाटिन-सी नावाची तपासणी आहे, तिला स्नायूंनी फारसा फरक पडत नाही. सोबत पोटाची सोनोग्राफी एकदा, यकृतातली चरबी आणि किडनीतले खडे दोन्ही कळतील. बीपी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, बसून, पाच मिनिटं थांबून घ्यायचं आणि वहीत लिहायचं. हे सगळं घेऊन जवळच्या फिजिशियनकडे जा, मी पत्रातून नाडी बघू शकत नाही. लघवीला फेस राहू लागला, लाल झाली, पाय सुजले किंवा कुशीत कळ आली, तर सहा आठवडे थांबायचं नाही.

लग्नाचं. मुलीकडच्यांना काय सांगायचं हे मुलीला विचार. तिला मात्र तू स्वतः सांग, कागद दाखवून. पोहे, ज्यूस आणि सराफा याबद्दल पुढची चाळीस वर्षं तुम्हा दोघांनाच ठरवायचंय. ३१ व्या वर्षी बीपी थोडं वर आणि यूरिक ॲसिड ८.४ असणं यात लपवण्यासारखं काही नाही. तिचेही आकडे विचार. तिचं हिमोग्लोबिन बहुधा तुझ्या यूरिक ॲसिडहून जास्त काळजीचं निघेल.

आणि काकांसाठी दोन ओळी, कारण हे सदर ते वाचणार. काका, तुमचं वेगळं आहे. तुम्हाला खरा गाउट आहे, अंगठा सुजून झाला आहे. तुमची यूरिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती हे वाचून सोडू नका. सांधा शांत आहे म्हणूनही सोडू नका. यूरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवलं तर जुने स्फटिक हळूहळू विरघळतात, त्याला महिने, कधी वर्षं लागतात. तेवढी गोळी घ्या आणि पुतण्याकडे रात्री वरण-भाताला जा.